चौथ्या टप्प्यातलं लंगडं

१

भांडगावच्या त्या वस्तीवर दुपारी चारला लाईट यायची आणि सहाला जायची. मधल्या दोन तासांत जो तो आपापलं उरकून घ्यायचा. कुणी मोटर चालू करायचा, कुणी दळण टाकायचा, कुणी मोबाईल खोचून ठेवायचा. भिमाजीच्या घरात मात्र त्या दोन तासांत एकच काम चाले. पुढच्या खोलीतला जुना काळा-पांढरा टीव्ही लावायचा, त्याला ते मशीन जोडायचं, मशीनला टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट घालायची आणि वाट बघत बसायचं.

मशीन म्हणजे दिसायला नुसता बटणांचा पाट. सगळा कम्प्युटर त्या पाटाच्याच पोटात. तीस वर्षांपूर्वी भिमाजी दौंडला रेल्वेत गँगमन होता, तेव्हा कॉलनीतले एक ड्रायव्हर साहेब नोकरी संपवून गाव सोडून निघाले आणि जाताना हे बोचकं त्यांनी पप्पूला दिलं. पप्पू तेव्हा तेरा वर्षांचा. कॅसेट एकच आणि तिच्यावर खेळही एकच. मागं सरकणाऱ्या चांदण्या, खाली एक छोटं विमान, वरून रांगा धरून उतरणारे कसलेसे किडे. विमानानं गोळ्या घालायच्या, किडे खाली टेकू द्यायचे नाहीत. टेकले की खेळ संपला.

आता पप्पू त्रेचाळीसचा होता. कोरेगाव भीमाजवळ कारखान्यात कामाला. दिवाळीच्या आधी घरी येताना खडीवरून त्याची मोटरसायकल घसरली आणि डावी नडगी मोडली. सळई घातली, हाड जुळलं. पण पप्पू बोलेना. कुणी धरून उठवला तर उठायचा, डावा पाय फरफटत दोन पावलं टाकायचा आणि परत खाटेवर बसायचा. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार नाही, मनाला धक्का बसलाय, त्याला आवडेल असं काहीतरी करू द्या.

त्याला काय आवडतं याचा घरात सगळ्यांनी विचार केला आणि कुणाला काही सुचेना. गेली वीस वर्षं तो कामावर जात होता आणि कामावरून येत होता. शेवटी सोजराबाईला, म्हणजे त्याच्या आईला, माळ्यावरचं बोचकं आठवलं.

मशीन समोर मांडलं त्या दिवशी पप्पूनं तीन महिन्यांत पहिल्यांदा आपणहून हात उचलला होता. म्हणून सगळं चाललं होतं.

२

पण ते मशीन म्हणजे जिवाला घोर. कॅसेट लावली की टीव्हीतून असा काही कर्कश आवाज निघायचा, की कोंबड्या अंगण सोडून गोठ्यात पळायच्या. तो आवाज दहा मिनिटं सोसायचा. दहा मिनिटांनी एक तर खेळ उघडायचा, नाहीतर पडद्यावर एक ओळ उमटायची. भिमाजीला वाचता येत नव्हतं, अक्षरं त्याला लेंड्या सांडल्यासारखी दिसायची. पण ती ओळ त्याला पाठ झाली होती. ती आली की कॅसेट उलटी फिरवायची आणि पहिल्यापासून सुरुवात.

"पुन्हा?" सोजराबाई चुलीपाशी बसून विचारायची.

"पुन्हा."

"त्यापरीस मांजराच्या शेपटीवर दार आपटा. त्योच आवाज, आन् लगी येतोय."

सून नीलम हिचा भाऊ रविराज शिरूरला टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. तो एका रविवारी आला, टेपरेकॉर्डर उघडून बसला, स्पिरिटच्या बोळ्यानं आतून पुसला, एक बारीक स्क्रू केसभर फिरवला.

"आबा, ही कॅसेट माझ्यापरीस म्हातारी हाय," तो म्हणाला. "तिला दम लागतो. घाई करू नका."

"मी कुठं घाई करतोय? घाई लाईटला हाय."

त्या दिवशी खेळ पहिल्या झटक्यात उघडला. पप्पू बसला पाटापुढं. त्याची जुनी खोड अजून होती. गोळी घालायच्या आधी विमान दोनदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं हलवायचा, मग बटण दाबायचा. लहानपणी भिमाजी त्याला त्यावरून चिडवायचा. आता ती खोड बघून म्हातारा आणखी जवळ सरकून बसला.

तीन टप्पे झाले आणि पडद्यावर बरीच अक्षरं आली. नीलम बारावीपर्यंत शिकलेली. तिनं वाचून सांगितलं. "तिसरा टप्पा संपला म्हणतंय. पुढचे टप्पे पाहिजे असतील तर नाव आणि पत्ता कळवा."

रविराज हसला. "तवाची पद्धतच व्हती तशी. थोडा खेळ फुकट वाटायचा. ज्याला आवडंल त्यानं बनवणाऱ्याला पत्र धाडायचं, मग बाकीचा टपालानं यायचा."

"धाडलं व्हतं की," सोजराबाई म्हणाली. "पप्पूनं लिव्हलं, मी पेटीत टाकलं. नाव, गाव, समदं. वरीसभर पोस्टमनची वाट बघितली पोरानं. काय आलं न्हाई."

पप्पू ऐकत होता की नाही कोण जाणे. तो पडद्याकडं बघत बसला होता. अक्षरं विझली. आणि टीव्हीवर चांदण्या परत सरकायला लागल्या. वरून नवी रांग उतरली.

"ह्यो चौथा टप्पा," भिमाजी म्हणाला. "पुढचा टपालानं यायचा म्हनला ना तू?"

रविराजनं डोकं खाजवलं. "कॅसेट ताणली असंल. कायतरी घोटाळा झाला, आन् कुलूप उघडलं. चांगलंच हाय की, आबा. फुकटात."

३

भिमाजी जन्मानं धनगर. रेल्वेत लागला विसाव्या वर्षी, त्याच्या आधी बापाच्या मागं मेंढरं राखली होती. कुणाच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, भोवती जाळीचं वाघर लावून मेखा ठोकायच्या. बाप मेंढरं मोजायचा नाही. वाघराच्या तोंडाशी हात आडवा धरून उभा राहायचा आणि एकेक आत सोडताना नुसती चाल बघायचा. दोनशे मेंढरांतलं कोण आलं आणि कोण राहिलं, हे त्याला चालीवरून कळायचं. भिमाजीही तसंच शिकला. आकडे त्याला कधी जमले नाहीत, चाली जमल्या.

म्हणून चौथ्या दिवशी ते त्याच्या नजरेस पडलं.

पडद्यावरचे किडे सगळे एकसारखे. दोन शिंगं, चार पाय, एवढंसं ठिपक्यांचं अंग. सगळे एका ठेक्यात चालायचे. पण सगळ्यात मागच्या रांगेत, टोकाला, एक होता तो अर्धा ठेका मागं राहायचा. डावा पाय ओढायचा.

"नीलम, त्ये बघ. त्ये लंगडतंय."

नीलमनं वाकून बघितलं. "मला तर सगळे सारखेच दिसतात, मामा."

"मागलं. कोपऱ्यातलं."

"टीव्ही जुना आहे. कोपऱ्यात चित्र हलतं त्याचं."

असेल, भिमाजीनं मनाशी म्हटलं. पण चित्र हललं तर सगळा कोपरा हलेल. एकाचाच पाय कसा हलेल?

आणखी एक गोष्ट त्यानं बघितली. पप्पू बाकीच्या सगळ्यांना टिपायचा, त्या लंगड्यावर मात्र एकदाही गोळी घालत नव्हता. ते समोर आलं की विमान बाजूला घ्यायचा.

४

त्या आठवड्यात रोज हेच झालं. चारला लाईट यायची. कॅसेट एकदा हुकायची, दोनदा हुकायची, तिसऱ्यांदा लागायची. पहिले तीन टप्पे व्हायला साडेपाच वाजायचे. चौथा रंगात यावा आणि सहा वाजावेत. टिक् करून सगळं काळं. दुसऱ्या दिवशी परत कोंबड्या पळवण्यापासून सुरुवात. मशीनला कालचं काही आठवायचं नाही.

"अरे, जितं सोडलं तितनं का न्हाई सुरू होत?" भिमाजी फोनवर रविराजवर ओरडला. एरवी तो कुणावर आवाज चढवायचा नाही.

"आबा, लाईट गेली की त्याच्या डोक्यातलं समदं पुसलं जातं. जे व्हतं त्ये गेलंच."

"आन् इन्व्हर्टर?"

"इन्व्हर्टर लागायला पापणी लवायचा येळ लागतो. तेवढ्यात बी पुसलं जातं. त्याला काय इलाज न्हाई."

भिमाजीनं इन्व्हर्टरवर लावून बघितलंच. बल्ब नुसता मिचकला. मशीन मेलं.

चिडचिड व्हायला लागली होती ती फक्त लाईटची नव्हती. रोज चौथा टप्पा थोडा पुढं जायचा आणि रोज पप्पूचा चेहरा थोडा कोरा व्हायचा. जेवताना घास तोंडापाशी धरून बसायचा. पहिल्या दिवशी हात उचलला म्हणून हरखलेली सोजराबाई आता बोलायची बंद झाली होती. तिला वाटायचं, मशीन चांगलं करतंय की वाईट? भिमाजीला तिचं मन कळायचं, तरी चार वाजले की तो मशीन जोडायला बसायचा.

शुक्रवारी त्याला दुसरी गोष्ट दिसली, आणि ती दिसल्यावर त्याला राहवेना.

किडे खाली उतरताना दाटीनं उतरायचे. मागचे पुढच्यांच्या अंगावर चढायचे. अशी दाटी भिमाजीनं आयुष्यात एकाच वेळी बघितली होती. वाघराबाहेर लांडगा आला की मेंढरं पलीकडच्या जाळीला अशीच भिडतात. तोंड माणसांकडं आणि पाठ लांडग्याकडं. ती माणसावर चालून येत नसतात.

त्यानं नजर वर नेली. पडद्यावर चांदण्या सगळीकडून सरकत होत्या. फक्त वरच्या कडेला, चार बोटांच्या पट्ट्यात, एकही चांदणी नव्हती. त्यानं फोन लावला.

"रविराज, टीव्हीच्या वरच्या अंगाला काळं दिसतंय."

"चित्राची नळी गेली असंल, आबा."

"काल दोन बोटं व्हतं. आज चार बोटं हाय."

"नळी अशी हळूहळूच जाती."

बरं, म्हणून भिमाजीनं फोन ठेवला. मग त्यानं मशीन काढून टीव्हीला अँटेना जोडली. नुसत्या मुंग्या आल्या, खालपासून वरपर्यंत, काठोकाठ. नळी गेलेली नव्हती.

५

शनिवारी तो पप्पूशेजारी खेटून बसला.

"पप्पू, मारू नको त्यांना."

पप्पूचं बोट थांबलं नाही. दोनदा डावीकडं, एकदा उजवीकडं, गोळी. एक किडा फुटला, त्याच्या जागी भोक पडलं, आणि भोकातून मागचा काळोख दिसला.

"अरं त्ये भ्यालेत. मागं कायतरी हाय. तू रांग फोडतोस आन् त्याला वाट मोकळी करतोस."

"कुणाशी बोलताय?" सोजराबाई आतून म्हणाली.

"पोराशी."

"मेंढरांशी बोलल्यावानी बोलताय."

खरं होतं ते. भिमाजीनं स्वतःशी कबूल केलं की आपण अडाणी माणूस आहोत, कम्प्युटरमधलं आपल्याला काय कळतंय. ठिपके आहेत ते. कुणीतरी कुठंतरी बसून काढलेले. पण चाल बघायला शिकलेला डोळा मिटता येत नाही. काळोख वरून खाली बोट-बोट येत होता आणि पप्पूच्या गोळ्या संपत नव्हत्या.

सहा वाजले. टिक्.

भिमाजीनं भिंतीवर मूठ आपटली. मग आपल्याच मुठीकडं बघत राहिला.

६

रविवारी कॅसेट पहिल्याच दमात लागली. आवाजही निराळा आला. कर्कश नव्हता, खोल होता, लांबून कळप ओरडत यावा तसा. सोजराबाईसुद्धा पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

पाच वाजून दहा मिनिटांनी चौथा टप्पा सुरू झाला. आज काळोख पडद्याच्या मध्यापर्यंत उतरला होता. रांगा एकमेकींवर पडत खाली येत होत्या आणि पप्पू त्यांना टिपत होता. त्याचा श्वास ऐकू येईना. ओठ निळसर दिसत होते.

अर्धा तास भिमाजी बघत राहिला. मग त्यानं जे केलं ते मेंढपाळाच्या हातानं केलं, विचार करून नाही. लांडगा एका बाजूला आला आणि मेंढरं दुसऱ्या बाजूच्या जाळीला भिडली, तर बाप जाळीच्या त्या अंगाच्या मेखा उपटायचा. कळप माणसांत, शेकोटीपाशी येऊ द्यायचा, नाहीतर एकमेकांखाली चेंगरून मरतात. भिमाजीनं पप्पूचं मनगट धरलं आणि बटणावरून उचललं.

हात बर्फासारखा होता. पण विरोध झाला नाही.

किडे खाली आले. टेकले. खेळ संपायला हवा होता, संपला नाही. पहिली रांग पडद्याच्या खालच्या काठावरून उतरून गेली. मग दुसरी. त्याच वेळी बाहेर अंगणात, वाळल्या पाचटावर, बारीक खुरांचा आवाज उठला. नीलम मागच्या दारातून आत आली. "कुणाची मेंढरं आलीत का आपल्यात? वास येतोय ओल्या लोकरीचा."

भिमाजी पडद्याकडं वाकला. तो एकेकाची चाल बघत होता. सगळी सुटली. शेवटी ते लंगडं राहिलं, काळोखाच्या अगदी पुढ्यात. रखडत रखडत खाली येत होतं. त्याला बघून म्हाताऱ्याचा जीव कळवळला.

बापाचा एक नियम होता. कळप आत घेताना शेवटच्या जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा. आपलंच आहे ना, हे बघायचं, मगच जाळी लावायची. भिमाजीचा हात उठलाही होता. पण काचेवर हात ठेवून काय कळणार, असं वाटून तो थबकला. लंगडं काठाशी आलं, काठ ओलांडून गेलं. ओलांडताना त्याच्या चालीत काहीतरी खटकलं. काय खटकलं ते लक्षात यायच्या आत शेजारून आवाज आला.

"आबा."

पप्पू त्याच्याकडं बघत होता.

"आबा, पाणी देता का?"

सोजराबाईनं हातातला तांब्या टाकून दिला आणि पोराला मिठी मारली. नीलम खाली बसून रडायला लागली. भिमाजी उठला, माठातलं पाणी घेऊन आला. पप्पू घटाघटा प्यायला. तोंडावर रंग आला होता. चार महिन्यांनी तो हसला.

"मायेनं निस्तं भिजवलंस की मला," तो आईला म्हणाला. "सोड आता. भूक लागलीय."

"शिरा करते. आत्ता करते," सोजराबाई म्हणाली. "आवो, बघता काय वेड्यावानी? पोरगं बोललं!"

भिमाजीनं मान हलवली. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

७

पप्पू कुणाचा आधार न घेता उठला आणि आईच्या मागं स्वयंपाकघराकडं चालत गेला.

भिमाजी डोळे पुसत त्याच्या पाठीकडं बघत होता. पोरगं चालतंय, याच आनंदात आधी नुसतं बघत होता. पप्पू उंबऱ्यापाशी पोचला आणि डोळे पुसणारं उपरणं भिमाजीच्या हातात तसंच राहिलं.

पप्पू उजवा पाय ओढत होता.

मोडला होता डावा. सळई डाव्या पायात होती. भिमाजीनं त्याच पायाला चार महिने तेल चोळलं होतं. खरं लंगडणारं जनावर पाय बदलत नाही. आणि मग त्याला मघाशी काय खटकलं होतं ते आठवलं. काठ ओलांडताना त्या लंगड्यानं डावा पाय नीट टेकला होता आणि उजवा ओढला होता.

बरेच दिवस बसून होता, म्हणून असेल, भिमाजीनं स्वतःला समजावलं. सवय गेलीय. उजव्यावर भार येतोय, म्हणून. असं असू शकतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, सोजराबाई कधी नव्हे ती गुणगुणत होती. तिला हाक मारून काय सांगायचं?

तो टीव्हीकडं वळला, बंद करावा म्हणून.

पडदा अजून चालू होता. रांगा नव्हत्या, किडे नव्हते. काळोख चारातले तीन हिस्से खाली उतरला होता. तळाला एवढंसं विमान उरलं होतं. पाटापुढं कुणी नव्हतं.

विमान दोनदा डावीकडं हललं. एकदा उजवीकडं.

थांबलं.

परत दोनदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

भिमाजी पप्पूच्या जागी बसला. त्याचे गुडघे कटकन वाजले. त्या बटणांना त्यानं जन्मात हात लावला नव्हता. कोणतं कशाचं ते माहीत नव्हतं. पप्पूची बोटं जिथं असायची तिथं त्यानं आपली बोटं ठेवली. विमान हलायचं थांबलं. ओळखीचा हात लागल्यावर कोकरू स्थिर व्हावं, तसं.

काळोख एक बोट खाली आला.

घड्याळात सहाला चार मिनिटं होती. लाईट गेली की समदं पुसलं जातं, हे रविराजचं बोलणं त्याला आठवलं.

"नीलम," त्यानं हाक मारली. आवाज जमेल तेवढा सरळ ठेवला. "नीलम, आज लाईट जाऊ देऊ नको."

"लाईट काय माझ्या हातात आहे का, मामा?" नीलम आतून हसत म्हणाली. किती दिवसांनी ती हसत होती.

"कुणाला तरी फोन कर. रविराजला कर. बोर्डात कोण वळखीचं असंल त्याला कर."

"कशासाठी? आता तर झाले ना चांगले हे."

भिमाजीनं बटण दाबलं. एक गोळी वर गेली, काळोखात शिरली आणि परत दिसली नाही. त्यानं परत दाबलं. त्याची बोटं जाड, गँगमनची, एका वेळी दोन-दोन बटणं दाबली जात होती. विमान धडपडत होतं. काळोख क्षणभर अडत होता आणि परत सरकत होता.

मागून पावलं आली. एक टेकलेलं, एक ओढलेलं. एक टेकलेलं, एक ओढलेलं. ती खोली ओलांडून भिंतीपाशी, लाईटच्या बटणांच्या बोर्डापाशी थांबली. ओल्या लोकरीचा वास दाटून आला.

"आबा, सहा वाजत आले," पप्पूचा आवाज म्हणाला. अगदी पप्पूचाच. "लाईट जायच्या आधी मीच बंद करू का?"

भिमाजीनं मागं वळून बघितलं नाही. उजव्या हाताची बोटं बटणांवर तशीच ठेवून त्यानं डावा हात मागं, आडवा पसरला. वाघराच्या तोंडाशी बाप धरायचा तसा.

पडद्यावर विमान दोनदा डावीकडं हललं.